जुनी पद्मिनी घेताना: कागद, गाडी, भाव आणि टोकन, याच क्रमाने

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेल्या त्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली होती. खाजगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुठे सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली, कुठे बंगल्याच्या पोर्चमध्ये, कुठे गॅरेजवाल्याच्या दारात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचे मूळ मालक आता हयात नाहीत. विकायला बसलेली असतात सत्तरीच्या काकू किंवा परगावी राहणारा मुलगा. सोसायटीने पार्किंग मोकळं करायची नोटीस लावलेली असते आणि भंगारवाला दोनदा येऊन लोखंडाचा भाव सांगून गेलेला असतो.

असा विकणारा अडलेला असतो आणि त्याला भाव ठाऊक नसतो. उलट प्रकारही तेवढाच आढळतो. विकणारा व्यापारी असतो, त्याने सडलेल्या पत्र्यावर पुट्टी आणि चकचकीत रंग चढवलेला असतो आणि अडाणी तुम्ही ठरता. दोन्ही ठिकाणी एकच शिस्त उपयोगी पडते: आधी कागद, मग गाडी, मग भाव, शेवटी टोकन. भाव आधी ठरला की गाडीची तपासणी भाव पाडायचं हत्यार बनते. टोकन आधी गेलं की कागदातली भोकं नंतर उघडी पडतात, आणि तोवर दोघांचेही पाय अडकलेले असतात.

फोनवर

पहिल्या फोनवर पाच गोष्टी विचारा. आरसी (गाडीचा नोंदणी दाखला) कोणाच्या नावावर आहे? ती व्यक्ती हयात आहे का? आरसीची मुदत कधीपर्यंत आहे? गाडी शेवटची कधी चालली? सीएनजी किट बसवलेलं आहे का? मालक हयात आहेत का, हा प्रश्न जपून विचारा. ‘गाडी कोणाच्या नावावर आहे’ एवढं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं.

आपल्या बाजूचंही लगेच सांगून टाका. गाडी स्वतः वापरणार की दुरुस्त करून विकणार, सोबत मेकॅनिक आणणार का, आणि येण्याआधी इंजिन चालू करून ठेवू नका ही विनंती. गरम इंजिन बरंच काही झाकतं. दुरुस्त करून विकणं हा काही गुन्हा नव्हे, पण ‘वडिलांची गाडी चांगल्या घरी चाललीय’ या समजुतीवर कोणी भाव कमी करत असेल आणि महिन्याभरात तीच गाडी जाहिरातीत दिसली, तर त्याला फसवणूकच म्हणतात. ‘शेवटचं किती?’ हा प्रश्न फोनवर विचारू नका. गाडी न पाहता सांगितलेला आकडा दोन्ही बाजूंना नंतर काचतो.

कागद

मूळ आरसी हातात घेऊन चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अंक-अंक जुळवा. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. आरटीओला तो लागतोच, शिवाय गंजाखाली लपलेला अंक नुसत्या डोळ्यांपेक्षा ठशात स्पष्ट उठतो. पद्मिनीत इंजिन बदललेलं असणं नवलाचं नाही. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसेल तर ती आधी करून घ्यावी लागते, आणि बसवलेल्या इंजिनाचं बिल सापडलं नाही तर तिथेच गाडं अडतं. आरसीवर ‘फियाट’ लिहिलेलं दिसलं म्हणून बिचकू नका. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून विकली, मध्ये काही काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट होती, आणि पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं.

एमएच सुरू होण्याआधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीत गाडी दिसते का ते पाहा. दिसली नाही तर मूळ नोंदणी जिथे झाली त्या आरटीओतून बॅकलॉग नोंद (जुन्या रजिस्टरातली माहिती प्रणालीत चढवणं) करून घ्यावी लागते. तिथल्या जुन्या रजिस्टरातलं पान शोधण्यात आठवडे जाऊ शकतात. हे काम टोकनच्या आधीचं. गाडीवर जुनं कर्ज चढवलेलं असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ लागतो. मधल्या काळात बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर ते पत्र कोणत्या शाखेतून मिळेल हे शोधण्यात तुम्ही हातभार लावा. काकूंना एकट्यांनी हेलपाटे मारायला लावू नका.

मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर होते आणि मगच विकता येते. कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरायचा असतो. प्रत्यक्षात हे कोणी केलेलं नसतं. दुःखात असलेल्या घराला त्या वेळी गाडीचं सुचत नाही. आता करायचं ते असं: मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, आणि ज्याच्या नावावर गाडी करायची तो सोडून बाकी वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर. सगळ्या वारसांची, हे महत्त्वाचं. लग्न होऊन गेलेली मुलगी, परदेशातला मुलगा, कोणाशी बोलणं बंद असलेला भाऊ, सगळे त्यात आले. ‘ताईचं काही म्हणणं नसतं’ या वाक्यावर पैसे देऊ नका. ताईंना फोन लावून त्यांच्या तोंडून ऐका. पुढे भावा-बहिणीत तुमच्या व्यवहारावरून वितुष्ट आलं तर गाडीही अडकते आणि ते घरही.

आता खर्चाचं कलम. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करायचं आणि गाडी आरटीओला तपासणीसाठी दाखवायची. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क चढत जातं, त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. पाच वर्षं झाकून ठेवलेल्या गाडीवर नुसतं विलंब शुल्क ३०,००० होतं. विकणाऱ्याला याची कल्पनाच नसते. म्हणून हा आकडा आरटीओतून किंवा ऑनलाइन काढून, छापून त्यांच्यासमोर ठेवा. एजंटचा ‘साधारण साठ-सत्तर लागतील’ हा अंदाज समोरच्याला सांगणं योग्य नाही, कारण त्यात एजंटची मलई असते. एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी नसेल तर तीही आधी लावून घ्या, नाहीतर हस्तांतरण तिथेच थांबतं.

कागद अर्धे असताना गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ‘कागद नाहीत, पार्टसाठी घ्या’ असं कोणी म्हणालं तरी चेसिस नंबर असलेली गाडी लेखी नोंदीशिवाय उचलायची नाही. ती उद्या कुठे सापडली तर पोलीस आरसीवरच्या नावाच्या घरी जातात.

गाडी पाहताना

दिवसाउजेडी जा, पाऊस पडून गेल्यावर गेलात तर आणखी चांगलं. टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जॅक, दोन लाकडी ठोकळे आणि वही सोबत ठेवा. मॅट उचलण्याआधी, सीट काढण्याआधी, कुठे स्क्रू-ड्रायव्हर टोचण्याआधी परवानगी मागा. गाडी अजून त्यांची आहे. मेकॅनिकला अर्ध्या दिवसाची मजुरी तुम्ही द्यायची आणि गाडी घेतली नाही तरी द्यायची. त्याला आधीच बजावून ठेवा: दिसेल ते वहीत लिहायचं, ‘अरे बापरे’ म्हणत डोकं हलवायचं नाही. तपासणीच्या वेळी मेकॅनिकने केलेलं नाटक ही भाव पाडायची जुनी रीत आहे, आणि समोरचा म्हातारा माणूस त्याने खरोखर घाबरतो.

सुरुवात पत्र्यापासून करा. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही. बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे इथला गंज म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न नसतो. मॅटखालचा फ्लोअर, दाराखालच्या पोकळ पट्ट्या, बॅटरीखालची जागा, डिकीतला स्टेपनीचा खळगा, हेडलाइटच्या वरचा मडगार्डचा उंचवटा, पुढच्या काचेच्या रबराचे खालचे कोपरे, आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात त्या जागा पाहा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. मडगार्डवरची पुट्टी हा टिंकरचा, म्हणजे पत्राकाम करणाऱ्याचा विषय. स्प्रिंगच्या बैठकीजवळ पत्रा सडलेला असेल तर गाडी चालवूच नये, आणि हे विकणाऱ्याला स्पष्ट सांगावं, व्यवहार होवो न होवो. नाहीतर पुढचा कोणीतरी ती तशीच चालवत नेईल.

खालून सगळीकडे ताजा काळा अंडरकोट मारलेला दिसला तर रंगकाम चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने पत्र्याचं काम खरोखर केलेलं असतं त्याच्याकडे फोटो असतातच, आणि तो ते हौसेने दाखवतो.

डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डपाशी बुजवलेली भोकं आहेत का ते पाहा, कारण टॅक्सीचा जुना मीटर तिथे बाहेर असायचा. दाराच्या रबराखाली पिवळा रंग, टपावर कॅरिअरच्या खुणा दिसल्या तर गाडी टॅक्सीतून खाजगी झालेली आहे. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव तसा हवा आणि आरसीवर तसं रूपांतर नोंदलेलं हवं. सीएनजी किट असेल तर आरसीवरच्या इंधनाच्या रकान्यात ते आहे का बघा आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचा (दाब-चाचणीचा) दाखला मागा.

इंजिनाचं म्हणाल तर १०८९ सीसीचं हे चार सिलिंडरचं इंजिन दुरुस्तीला सोपं आहे, त्यामुळे त्याला जरुरीपेक्षा जास्त भिऊ नये. थंड असताना चालू करा. सुरुवातीचा पांढरा धूर विरून गेला तर ठीक. तो येतच राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर हेड गॅस्केट गेलेलं आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळा धूर आला तर व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल आत जातंय. चढावर सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं यंत्र) लावता आलं तर चारही सिलिंडरांचे आकडे लिहून घ्या. त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर हेड खोलावं लागणार हे धरून चाला. इंजिन आधी किती साइजवर बोअर झालंय, म्हणजे सिलिंडर आतून कापून किती मोठे केलेत, हेही विचारा. शेवटच्या साइजवर गेलेल्या ब्लॉकला पुढच्या वेळी स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळकांडी) घालावे लागतील.

कित्येक वर्षं बंद असलेलं इंजिन लगेच स्टार्टर मारून फिरवू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. दुसऱ्या दिवशी पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवून इंजिन मोकळं आहे का ते बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही. वेगळ्या कॅनमधून ताजं पेट्रोल द्या आणि बॅटरी आपली आणा. हा सगळा खर्च तुमचा. असं करून गाडी चालू झाली तर ते लपवू नका. बंद गाडीचा आणि चालू गाडीचा भाव सारखा नसतो. इग्निशनची वायर हळूच सैल करून ‘बघा, चालू होत नाही’ म्हणणारे महाभाग याच बाजारात आहेत.

ब्रेकची खात्री झाल्याशिवाय चालवून बघायचा आग्रह धरू नका. चारही चाकांना ड्रम आणि जुन्या गाड्यांत ब्रेक ऑइलचं सर्किट एकच, म्हणजे एक व्हील सिलिंडर गळला की सगळा ब्रेक गेला. उभ्या गाडीत या सिलिंडरांची रबरं चिकटतात. पहिल्या दोन-चार ब्रेकला ती फाटतात आणि तिसऱ्या वळणावर पेडल जमिनीला टेकतं. पेडल दाबून अर्धा मिनिट धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर गाडी कंपाउंडबाहेर न्यायची नाही.

पुढचं एक चाक जॅकवर उचलून वर-खाली दोन हातांनी धरून हलवा. खेळ जाणवला की कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंगचा होता, तसाच राहिला तर किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि बुश झिजलेले. पहिलं काम किरकोळ, दुसऱ्याला स्टब एक्सल उतरवून मशीन शॉपमध्ये न्यावा लागतो. हँड गिअरचा दांडा ढिला वाटणं हे बहुधा जोडकाड्यांच्या बुशचं काम असतं आणि स्वस्तात निघतं. दुसरा गिअर घालताना करकर किंवा चालता चालता गिअर सुटणं हे मात्र गिअरबॉक्सच्या आतलं. या दोहोंतला फरक विकणाऱ्याला समजावून सांगा. ‘गिअरबॉक्सच गेलाय’ असं मोघम म्हणून भाव पाडायला फार वाव असतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

वायरिंग, सीटा आणि डॅशबोर्ड पटकन बघून घ्या. तारा बदलता येतात. बदलता न येणारं असतं ते काच, क्रोम पट्ट्या, लाइटच्या काचा, जाळी, दाराचे मूळ हँडल. यांत्रिक भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात चिकाटीने हिंडलं तर मिळून जातात, पण हे बाहेरचे दागिने चांगल्या स्थितीत मिळणं कठीण. ज्या गाडीवर ते शाबूत आहेत तिला त्याचा भाव मिळायला हवा, आणि घरच्यांना हे माहीत नसतं.

भाव

वहीतली यादी साफ अक्षरात एका कागदावर उतरवा आणि तोच कागद दोघांच्या मध्ये ठेवा. मांडणी साधी असते. तशाच वर्षाच्या, चालत्या, पूर्ण कागदाच्या गाडीचे नुकतेच झालेले दोन-तीन खरे व्यवहार जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या लोकांकडून किंवा जाणत्या गॅरेजवाल्याकडून विचारून घ्या. जाहिरातीतला आकडा ही मागणी असते, तो व्यवहार नव्हे, आणि हे तुम्हालाही लागू आहे. त्यातून दुरुस्तीचा लेखी अंदाज वजा करा.

पद्धत कळावी म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. चालत्या गाडीचा भाव २,५०,००० धरला. ब्रेकचं पूर्ण काम १६,०००, पाच टायर-ट्यूब २०,०००, फ्लोअर आणि दाराखालचं पत्राकाम ४०,०००, टाकी-पाइप-कार्बोरेटर ९,०००, नूतनीकरण आणि कर मिळून ४५,०००. एकूण वजावट १,३०,०००, उरले १,२०,०००. तुमच्या मनात गाडीला मूळ क्रीम रंग द्यायचा आहे आणि सीटा नव्या करायच्या आहेत, त्याचे ६०,००० वेगळे. ते या यादीत घालायचे नाहीत. आताचा रंग टिकाऊ असेल तर नवा रंग ही तुमची हौस, आणि हौसेचे पैसे विकणाऱ्याच्या खिशातून काढायचे नसतात. यादीत गुपचूप घुसवलेल्या अशा कलमांनीच बहुतेक ‘हिशोबी’ सौदे वाकडे होतात.

खोलल्याशिवाय कळणार नाही असं काही असेल, समजा इंजिनातला एखादा आवाज, तर त्याची जोखीम अर्धी-अर्धी वाटून घ्या. दुरुस्ती ३०,००० ची निघू शकते असं मेकॅनिक म्हणत असेल तर १५,००० वजा करा आणि विषय तिथे मिटवा. पुढे काम निघालं नाही तर तुमचा फायदा, दुप्पट निघालं तर तुमचं नुकसान.

सगळ्यात अवघड जागा येते ती विकणाऱ्याने फारच कमी सांगितल्यावर. भंगारवाला पंचवीस हजार म्हणाला म्हणून काकू चाळीस मागतात आणि तुमच्या कागदावर सव्वा लाख आहे. गप्प बसण्याला कायदा सहसा फसवणूक म्हणत नाही, भारतीय करार कायद्याच्या कलम १७ खालच्या स्पष्टीकरणात तसंच आहे. तरी गप्प बसू नका. असं म्हणता येतं: ‘काकू, त्याने सांगितलेला भाव लोखंडाचा आहे. ही गाडी दुरुस्त होण्यासारखी आहे, तिला जास्त येतात. माझा हिशोब या कागदावर आहे, मुलाला पाठवा, त्याला अजून कोणाला विचारायचं तर विचारू दे. रविवारी बोलू.’ त्या चार दिवसांत गाडी दुसऱ्याकडे गेली तर जाऊ द्या. फक्त यात दानशूरपणाचा आव नको. तुमच्या हिशोबात बसतील तेवढेच पैसे तुम्ही देताय.

उलट सहा लाखांची जाहिरात बघून कोणी पाच मागत असेल तर गाडीला ‘डबा’ म्हणून काही साधत नाही. कागद दाखवा, आपला आकडा सांगा, नंबर ठेवून या. घासाघीस करायला हरकत नाही, आपल्याकडे ती व्यवहाराची भाषाच आहे. पण दोन-तीन मित्रांना खोटे गिऱ्हाईक म्हणून पाठवून प्रत्येकाकडून आणखी कमी भाव सांगायला लावणं, किंवा ठरल्या दिवशी टोचन घेऊन दारात उभं राहून ‘आता वीस कमी करा’ म्हणणं, या युक्त्यांत समोरच्याची अडचण विकत घेतली जाते. तो माणूस शेजाऱ्यांसमोर नाही म्हणू शकत नाही, हे माहीत असूनच त्या केल्या जातात.

गाडीची खबर देणारा वॉचमन, जुना ड्रायव्हर किंवा गॅरेजवाला असेल तर त्याचं कमिशन तुमच्या खिशातून द्या आणि दिल्याचं विकणाऱ्याला सांगा. लपवलेलं कमिशन गाडीच्या भावातून निघतं.

टोकन, पैसे, ताबा

टोकनच्या पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण रक्कम, दिलेलं टोकन, उरलेले पैसे कोणत्या तारखेपर्यंत, आरसीचं नूतनीकरण कोण करणार, आणि कोणी माघार घेतली तर टोकनचं काय, एवढं लिहा. मधल्या काळात कागदाचं काम विकणाऱ्याच्या हातात नसलेल्या कारणाने अडलं तर टोकन परत, पण माघार तुमची असेल तर ते सोडायची तयारी ठेवा. तुमच्यासाठी त्यांनी बाकी गिऱ्हाइकं परत पाठवलेली असतात.

पैसे बँकेतून, आरसीवरच्या मालकाच्या किंवा वारसाच्या खात्यात. ‘माझ्या मेव्हण्याच्या खात्यात टाका’ याला नम्र नकार. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्यात बंदी आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही. रोखीचा आग्रह धरणारा खरेदीदार हा धोका विकणाऱ्याच्या गळ्यात घालत असतो आणि बहुतेकांना ते कळतही नाही.

कोऱ्या फॉर्मवर सह्या मागू नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० नाव, पत्ता, तारीख भरूनच सहीला द्या आणि सही केलेल्या कागदांचे फोटो त्यांच्या मोबाइलवर ठेवा. मूळ आरसी नेताना पोच द्या. ऑनलाइन अर्जात विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो फोनवरून मागण्याऐवजी शेजारी बसून स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा. अनोळखी माणसाला ओटीपी सांगायची सवय वयस्कर माणसाला आपल्यामुळे लागायला नको.

ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ लिहा. त्याआधीची चलनं त्यांची, नंतरची तुमची. फास्टॅग असेल तर त्यांच्यासमोर बंद करायला लावा. डॅशबोर्डवरचा गणपती, डिकीतली टूलकिट, ग्लोव्ह बॉक्समधली डायरी यांतलं काय ठेवून घ्यायचंय ते विचारा. मूळ बिल आणि सर्व्हिसची पुस्तिका गाडीसोबत असल्या तर गाडीची किंमत वाढते हे सांगून मागा. द्यायला जीव होत नसेल तर झेरॉक्सवर भागवा. कोणाला शेवटची चक्कर मारायची असेल आणि ब्रेक धड असतील तर चावी त्यांच्या हातात द्या. ‘कधीच विकणार नाही’ असलं वचन मात्र देऊ नका. विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारीन, एवढं लिहून देता येतं आणि पाळताही येतं.

नावावर होईपर्यंत

गाडी दारात आली की खरेदीदाराची घाई संपते आणि विकणाऱ्याची काळजी सुरू होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदललं नाही तर काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट आहे: अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्यावर, मग गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे तुमच्या आळसाची किंमत काकूंनी मोजायची. गाडी आधी नावावर आणि मग रस्त्यावर, हाच क्रम ठेवा. दुरुस्तीला न्यायची तर टोचनवर न्या.

विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सवलत) विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. त्यांना दुसऱ्या गाडीसाठी वापरायचा असेल तर विमा कंपनीकडून दाखला घ्यायला मदत करा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: फी २०,०००, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांपुरती चालते. आठवड्याला भाजी आणायला पद्मिनी काढायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

नवी आरसी आली की तिचा फोटो जुन्या मालकाला पाठवा. त्यांच्या डोक्यावरचं ओझं त्या दिवशी उतरतं.

त्यानंतर महिन्याभराने डिफरन्शियल गुणगुणायला लागला, रेडिएटर फुटला, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुना रबरी पाइप फुगून गळायला लागला, तर विकणाऱ्याला फोन करू नका. ते पन्नास वर्षांच्या गाडीचं चालूच असतं आणि तुम्ही मेकॅनिक घेऊन गेला होता. फोन करायचा तो त्यांना माहीत असलेली आणि तुम्ही विचारूनही लपवलेली गोष्ट निघाली तर: न फिटलेलं कर्ज, अपघाताची केस, बदललेला नंबर. तोही आरडाओरडा न करता, कागद समोर ठेवून.

कधी फोन उलट दिशेने येतो. माळा आवरताना जुन्या मालकांनी घेऊन ठेवलेलं खोकं सापडलेलं असतं: टेललाइटच्या न वापरलेल्या काचा, कार्बोरेटरचं किट, दाराची हँडलं. ‘घेऊन जा, आम्हाला काय करायचंय’ असं ते म्हणतील. जा, पण प्रत्येक वस्तूचा बाजारभाव विचारून वेगळे पैसे द्या, कारण गाडीच्या भावात ते खोकं धरलेलं नव्हतं.